सासऱ्यांचा फेटा

मंगळवार, संध्याकाळ

राजेसाहेब, म्हणजे माझे सासरे, आज पहिल्यांदाच चितेगावचा माझा कारखाना बघायला आले. संस्थान कधीच गेलं, पण फेट्याशिवाय त्यांना मी लग्नापासून एकदाही पाहिलेलं नव्हतं. आम्हा देशमुखांकडं फेटा लग्नकार्यापुरताच.

दाराशी सुपरवायझर सुनीताबाईंनी हेल्मेट पुढं केलं. "फेट्यावर बसायचं नाय हे. अन् याच्याबिगर आत सोडता येत नाय. नियम आमच्या साहेबांचाच हाय."

राजेसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी एक शब्द बोललो असतो तर भागलं असतं. का नाही बोललो? नियमासाठी? कोण जाणे.

त्यांनी फेटा अलगद उतरवून माझ्याकडं दिला. "धरा, जावईबापू." विरळ, पांढरे केस. चारचौघांसारखा म्हातारा माणूस.

पुढं हेल्मेट घातलेले ते, मागं फेटा घेऊन मी. कामगार नमस्कार करत होते. मला, का फेट्याला?

घरी येताच बायकोनं वडिलांविषयी एवढंच विचारलं, "आबासाहेबांचा फेटा कुठं खाली नाही ना ठेवलात?"

"नाही. दोन्ही हातांत धरला होता."

म्हणूनच तर. माझ्याच कारखान्यात आज एकाही नमस्काराला मला हात जोडता आले नाहीत.