नुसता एस

९ जानेवारी

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. आईचा खोकला उतरलाय. तुझं दुकान कसं झालं म्हणून ती खोदून खोदून विचारत होती. छान झालं, एवढंच सांगितलं. खरंच छान झालंय. दाराशी ठेवलेल्या त्या लांब बाकावरून हात काढवत नव्हता.

फोनवर बोलवत नाही, म्हणून लिहिते.

दुकानाच्या उद्घाटनाला मुख्याध्यापिकाबाईंना मीच आग्रहाने आणलं होतं. शाळेला नवे बाक करायचेत, माझा भाऊ सुतार आहे, एकदा काम तर बघा, म्हणून. त्या पाटीपाशीच थांबल्या. चेअर्स, टेबल्स ठीक होतं. बेंचपुढे मात्र नुसता एस. "अहो, मधला ई कुठे गेला? घरात इंग्रजीची शिक्षिका असून!" त्या हसल्या, पाहुणे हसले. बारक्या, मीही हसले.

तू माझ्याकडे एकदाच बघितलंस. मग म्हणालास, "घाईत माझ्याच हातून झालं, बाई."

पाटी रंगवताना तू मला फोन केला होतास. "ताई, सगळ्यांना नुसता एसच लावायचा ना?" माझा तास सुरू होत होता. "हो रे बाबा, लाव एस आणि सोड मला!" शब्द कोणते, हेही विचारलं नाही मी.

काल पाचवीला अनेकवचनं शिकवली. शेवटी सीएच, एसएच, एक्स आलं तर ईएस लावा, हेही सांगितलं. मॅच, ब्रश, बॉक्स अशी उदाहरणं दिली. बेंच काही तोंडातून निघेना. मुलं बाकांवरच बसली होती.

आज मुख्याध्यापिकाबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "स्पेलिंगचं काही नाही हो. पण स्वतःची पाटी जो नीट बघत नाही, तो मापं काय घेणार, असं वाटलं मला. काम दुसऱ्याला देऊन टाकलं. तुम्ही त्याच दिवशी बोलला असतात तर..."

तुझं काम माझ्यामुळे गेलं. घरी येऊन आईलाही सगळं सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

रविवारी येते. तुझ्या कारागिरांसमोर सांगेन चूक कोणाची ते. तुला बोलावंसं वाटलं नाही तर नको बोलूस, पण मला आत येऊ दे.

म्हणवून घ्यायला लाज वाटते, तरी तुझीच,
ताई