ढोलामागची भिंत

आबा, आपल्या पाड्याचा ढोल कलादालनाच्या लोकांनी न विचारता नेला, असं मी माझ्या चित्राखाली लिहिलं होतं. ते चूक होतं. गेल्या आठवड्यात काकांना जळगावच्या कलादालनात नेलं आणि तो मजकूर वाचून दाखवला, तर ते हसायलाच लागले. "एवढा मोठा ढोल चोरी लई गयात, अन आम्ही काय झोपेल व्हतूत का वं?" मग त्यांनी सांगितलं की ढोल तुम्हीच जीपमध्ये चढवलात, खाली स्वतःची घोंगडी टाकून, आणि दालनाच्या साहेबांना म्हणालात, "हाऊ मना नही, बठ्ठा पाडाना शे. पाहुणा म्हनीसन ठेवा. होळीले परत आनज्यात." साहेबांनी मान डोलावली. तरी दालनात ढोलाजवळच्या पाटीवर 'भिल्ल ढोल, सप्रेम भेट' असं लिहिलेलं होतं.

मला त्या दिवसाची फक्त चुलीमागची भिंत आठवते. त्याच भिंतीवर तुम्ही मला कोळशाने अक्षरं शिकवली होती. सगळीकडे धुराची काजळी आणि मधोमध, ढोल लटकायचा तिथे, फिकट गोल. मी ओल्या मातीचा बोळा घेऊन तो सारवायला जाते आणि तुम्ही माझा हात धरता. "ऱ्हाऊ दे. ती त्यानी जागा शे." त्या होळीला ढोल आला नाही. पुढची होळी तुम्ही पाहिली नाहीत.

तोच गोल मी माती, शेण आणि काजळीने फळीवर उतरवला. लोक त्याच्यासमोर बराच वेळ थांबतात. दालनाच्या बाई म्हणतात, यातलं रिकामेपण फार बोलतं. इतके दिवस मी ते ऐकून घेतलं. खरं तर ती जागा तुम्ही राखून ठेवली होती.

काल बाईंना सांगितलं की पाटी बदला. ढोल पाड्याचा आहे, पाड्याने ठेवायला दिलाय. होळीला तो घरी जाईल, परत पाठवायचा की नाही ते पाडा ठरवेल. त्यांनी विचारलं, "तसा काही कागद आहे का?" मी म्हटलं, "भेट दिल्याचा तुमच्याकडे आहे का?" त्यांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "नवा मजकूर तूच लिहून दे." तो मी तिथेच लिहिला, आणि माझ्या चित्राखालचाही.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून सांगते. ढोल चोरीला गेलाय असं वाटत असूनही, माझं चित्र तिथे लागल्यापासून दोन होळ्या मी तो मागितला नाही. तो आपल्या भिंतीवर परत आला, तर माझ्या चित्रासमोर कोण थांबेल, याची धास्ती होती.

येत्या सोमवारी, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या आदल्या दिवशी, काका आणि मी जीप घेऊन जातोय. खाली टाकायला घोंगडी काढून ठेवली आहे.