चुडामणच्या केळीत ड्रोन

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

हरवला! मृणालीचा ड्रोन — पोरीने विश्वासाने घरी ठेवलेला, मी तिला न विचारता उडवलेला — हरवला!

नशिराबादला, माझा मित्र चुडामणच्या मळ्यात. जागा सपाट हवी म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ठेवला. फोनवर लाल अक्षरं आली — खाली लोखंड आहे, जागा बदला. तेहेतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली, सगळी कामं लोखंडी टेबलावर, आणि हा मला लोखंड शिकवतोय! दाबलं ओके. वर गेला झोकात. मग आधी जीपीएस गेला, मग सिग्नल, मग ड्रोनच. केळीवरून तिरका निघाला तो दिसेनासाच झाला.

शुक्रवारी मृणाली पुण्याहून येते. शनिवारी साक्रीजवळ बंधाऱ्याची मोजणी, तिचं स्वतःचं पहिलं काम, याच ड्रोनवर. पोरीला काय तोंड दाखवू? लिलाला अजून सांगितलेलं नाही. बायको आहे, ऐकलं की आधी मुलीलाच फोन लावेल.

मंगळवार, ११

सहालाच घर सोडलं. लिलाला म्हटलं, चुडामणचा पंप बिघडलाय.

ड्रोन गेला त्या बाजूला चुडामणची मृगबाग. जूनची लागवड, डोक्याच्या वर गेलेली, पानाला पान भिडलेलं. पानांत अडकला असणार, असं आम्ही ठरवूनच टाकलं. दोघं माना वर करून ओळीओळीने फिरलो. चुडामण म्हणाला, आपण काय विमानं मोजतोय का! मान धरली आहे.

बुधवार, १२

परत तेच. चिकाने शर्ट गेला. भूक मात्र मरणाची लागली, चार भाकरी हाणल्या.

गुरुवार, १३

सापडला! सापडला! सापडला!

घडांची केळफुलं मोडायला आज बायकांची टोळी आली होती. त्यांची मुकादमीण लताबाई, मूळची साक्रीकडची. दोन म्हातारे आभाळाकडे बघत काय हिंडतायत म्हणून तिनेच विचारलं. सांगितलं. तर म्हणे, काही फोटो-बिटो आहे का?

होता की! सिग्नल जाताना फोनमध्ये राहिलेलं शेवटचं चित्र. चुडामणलाही दाखवलं नव्हतं. म्हटलं, वरून काढलेलं चित्र, मशीनवाल्याशिवाय कोणाला काय कळणार! लताबाईंनी हात पदराला पुसले, फोन घेतला, एकदाच बघितलं.

"भाऊ, हाई ते कांदेबाग शे. ओळमा माती दखाई राह्यनी. मिरगबागमा कोठे दखास माती?"

तीन दिवस चित्र खिशात आणि अक्कल घरी! कांदेबाग म्हणजे ऑक्टोबरात लावलेली केळी, आत्ता कुठे कमरेएवढी, ओळींमधली जमीन उघडी. त्या बाजूला अशी एकच, नाल्यापलीकडे तोतारामची. धावलो. साठीला धावलो! लताबाई पुढे, मी मागे, चुडामण धापा टाकत. सातव्या ओळीत ठिबकच्या नळीला टेकून पडला होता पठ्ठ्या. एक पंखा तुटलेला, बाकी ओरखडाही नाही.

लताबाईंना वाकून नमस्कार केला. त्या संकोचल्या, पण मला राहवलंच नाही.

शुक्रवार, १४

पेटीतला जादा पंखा बसवला. पुसून-पासून ठेवला. आमच्या अंगणात उडवून पाहिला — या वेळी जमिनीवरून! संध्याकाळी मृणाली आली, पेटी उघडली, बंद केली. काही कळलं नाही तिला. जिंकलो!

शनिवार, १५

बंधाऱ्याची मोजणी फक्कड झाली.

परत येताना गाडीत मृणाली म्हणाली, पप्पा, सोमवारच्या उड्डाणाची नोंद, सिग्नल गेला तिथपर्यंतची, तेव्हाच माझ्या फोनवर आली होती. साक्रीसाठी मैत्रिणीचा, वृषालीचा ड्रोन मागून ठेवला होता मी.

मग बोलली का नाहीस?

"आई म्हणाली, गप्प बस. रिटायर झाल्यापासून वर्षभर खाटेवर पडून होते, आता कुठे आपणहून उठून बाहेर जातायत. शोधू दे त्यांना."