दुसरं पान

४ मार्च
ह्यांच्या नावाने हॉस्पिटलचं पत्र आलं. ह्यांना जाऊन चौदा महिने झाले.
'आपल्या चार वर्षांपूर्वीच्या स्कॅनची कॉम्प्युटरने फेरतपासणी केली असता यकृताच्या आजाराची शक्यता दिसते. त्वरित भेटावे.'
त्वरित म्हणे.

५ मार्च
मुलगी फोनवर म्हणाली, "आई, ती एआय आहे. जुने सगळे स्कॅन परत बघते. माणसांकडून सुटलेलं तिला दिसतं."
आम्हालाही दिसलं होतं की. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, तेव्हा. आणि जाऊबाई दारातूनच, "चोरून घेत असतील हो भाऊजी." खोकल्याच्या औषधाचाही वास न सोसणारा माणूस!

९ मार्च
हॉस्पिटलात जाऊन आले. डॉक्टर तरुण, नम्र. त्या नम्रपणाचाच राग आला.
"पेशंट नाही आले?"
"भिंतीवर आहेत. फोटोत."
डॉक्टरांनी उठून मला खुर्ची दिली. मग पडद्यावर ह्यांचं पोट दाखवलं. यकृताभोवती कॉम्प्युटरने पिवळी रेघ ओढलेली. तेव्हा कुणालाच कसं दिसलं नाही, विचारलं.
"स्कॅन मूतखड्यासाठी होता, काकू. कदाचित तेवढंच बघितलं असेल. आमच्याकडे तेव्हाचे फोटो आहेत, रिपोर्ट नाहीत. तुमच्याकडे असेल ना?"
असणारच. शाळा चौथीपर्यंतच, पण पुडीचा कागदसुद्धा मी वाचल्याशिवाय टाकत नाही.

१० मार्च
तक्रार लिहिली. तीन पानं. 'यंत्राला दिसलं ते पगारी डोळ्यांना दिसलं नाही.' हे वाक्य दोनदा वाचलं. बरं वाटलं.

११ मार्च
रिपोर्ट सापडला. मूतखडा, आठ मिलिमीटर. बाकी काही नाही. तक्रारीला जोडायला घेतला, तर खाली बारीक अक्षरांत — पान १, एकूण २.

१२ मार्च
कपाट, ट्रंक, गादीखाली. नाही.
तो दिवस आठवतो. खडा आपोआप पडेल म्हणाले, म्हणून दोघं हसत घरी आलो. ह्यांनी वाटेत मला एक छोटं पुस्तक घेऊन दिलं. घरी आल्याबरोबर मी त्याला कव्हर घातलं. मिळेल त्या कागदाचं घालते, कोरी बाजू वर.

१३ मार्च
कव्हर सोडलं. आतल्या बाजूला छापलेलं — 'यकृताची कड खडबडीत. तातडीने पुढील तपासणी करावी.'
हे पुस्तक मी चार वेळा वाचलंय.