कोऱ्या नळीतला भाडेकरू

४ फेब्रुवारी
प्रयोगशाळेने मला दिलेल्या दोन्ही चपला डाव्या पायाच्या आहेत. मानवजातीवर याहून मोठे अन्याय झाले असतील, पण ते माझ्या उजव्या पायावर झालेले नाहीत. बाकी नोकरी झकास. तळघराला खिडकी नाही, म्हणजे बाहेर बघत वेळ काढल्याचा आळ येणार नाही. आमच्या प्रमुख बाईंनी काम समजावलं. मातीतले बहुतेक सूक्ष्मजीव प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत वाढवू म्हटलं तर जावयासारखे रुसून बसतात. म्हणून चिखलातला सगळा डीएनए एकदम वाचायचा आणि तुकडे जोडून तिथे कोण राहतं ते ठरवायचं. कचऱ्यातल्या फाटक्या चिठ्ठ्यांवरून शेजाऱ्यांची भांडणं ओळखावीत, तसं.

७ फेब्रुवारी
दर खेपेला चिखलाच्या नमुन्यांसोबत निर्जंतुक पाण्याची एक कोरी नळी लावतात. तिच्यात जे सापडेल ते आपल्याच हातची घाण समजून सगळ्या नमुन्यांतून वजा करायची. आज त्या नळीत एक अनोळखी जीव निघाला. आमचा संगणकवाला म्हणाला, तो जुना भाडेकरू आहे, खाणीतला चिखल आणल्यापासून रोज निघतो, यंत्र आपोआप पुसतं. संगणकवाला स्वतःही तेव्हापासून घरी गेलेला नाही. इथेच बरं वाटतं म्हणे. बाईंचंही तेच. लोकांना कामाची इतकी गोडी असते, हे मी फक्त निरोपसमारंभांत ऐकलं होतं.

१३ फेब्रुवारी
पुसणं बंद करून आम्हा तिघांची लाळ तपासली. तिघांतही तो आहे. माझ्यात सगळ्यांत कमी. बशीत का वाढत नव्हता ते कळलं. त्याला बशी नको होती. बाईंना दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, कोऱ्या नळीत आहे ना, मग घाणच ती. आणि वजा करून टाकलं.

१५ फेब्रुवारी
घरी निघालो. अर्ध्या जिन्यात पाय थांबले. वर फार कोरडं आहे, असं वाटलं. खाली ओलसर, निवांत. हा विचार माझा नाही. इतका समाधानी विचार मी जन्मात केलेला नाही.

१८ फेब्रुवारी
बायकोचा फोन. सांगायचं होतं, इकडे फिरकू नकोस. तोंडातून निघालं — "ये ना. तुला आवडेल इथे."
ती हसली. "अहो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुठे बोलावताय. येते उद्या."
नको येऊस, असा निरोप लिहिला. पाठवायला बोट — हलत नाही. वहीत मात्र तो लिहू देतो. वही कुणी वाचत नाही, हे त्यालाही ठाऊक असावं.

१९ फेब्रुवारी
आली. दाराबाहेर आहे. दार आतल्या बटणानेच उघडतं. बाई आणि संगणकवाला नुसते माझ्याकडे बघताहेत.
काल कप विसळायची माझी पाळी संगणकवाल्याने निभावली होती. आज त्याची मी निभावली. फिटलं. तेवढा वेळ हात पाण्यात गुंतले, बटणापासून लांब —
ती म्हणतेय, "अहो, उघडा ना."
कप संपले. एक हात वहीवर आहे. दुसरा