झाकलेली यादी

सोमवार, ३ फेब्रुवारी

गावच्या शाळेतले गुरुजी सांगायचे, नव्या जागी गेलात की पहिल्या दिवसाचं लिहून ठेवा. पुढे सवय होते आणि डोळे बघायचं सोडतात. म्हणून ही वही.

आज रुजू झालो. एकोणपन्नासाव्या वर्षी नवी नोकरी म्हणजे पिकल्या केसांनी पहिलीत बसणं, पण मन प्रसन्न आहे. रुग्णालय रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत गेलं. या जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आता फक्त रेकॉर्ड ऑफिस आहे. रुग्णांच्या सगळ्या फायली स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये ठेवल्यात आणि त्या सांभाळायला आम्ही नऊ जण. खोली लांबलचक, छत उंच, खिडक्या मोठ्या. मला खिडकीजवळचं टेबल मिळालं. सकाळचं ऊन थेट वहीवर येतं.

फायली शोधून देणारं जुनं इंजिन काढून नवं बसवायचं आहे. काही आठवडे दोन्ही शेजारी शेजारी चालतील. एकच प्रश्न दोघांना विचारायचा आणि कोण काय आणून देतं ते मी जुळवायचं. साहेबांनी समजावून सांगितलं, जुनं इंजिन म्हणजे सरळमार्गी शिपाई, जेवढं मागाल तेवढंच आणणार. नवं म्हणजे सासूबाई, न मागितलेलंही उकरून काढणार. सगळे हसले. साहेबांच्या सासूबाई सध्या मुक्कामाला आहेत, हे मला जेवणाच्या सुट्टीत कळलं.

संध्याकाळी मुलीचा फोन. बाबा, जगात दुसरी इमारत नव्हती का, म्हणाली. सहा वर्षांपूर्वी हिला, म्हणजे तिच्या आईला, इथेच आणलं होतं. अकरा दिवस. त्याबद्दल आज नको. देवाचं नाव घेऊन झोपतो.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नवं इंजिन खरंच हुशार आहे. जुन्याला ‘हाड मोडणे’ विचारलं तर तीनशे बारा फायली दिल्या, नव्यानं दोन हजारांच्या घरात. डॉक्टरांचं अक्षरही ते वाचतं. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, औषधाच्या दुकानदारांनंतर हे पहिलंच. नवं इंजिन बसवणाऱ्या कंपनीचा माणूस रोज टाय लावून येतो, म्हणून त्याला सगळे टायवाला म्हणतात. त्याचा अभिमान न्यारा. म्हणे, काका, तुम्ही विसरलेलंसुद्धा हे शोधून देईल. मी म्हटलं, मी विसरलेलं फारसं काही नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

इथल्या मोठ्या बाई उद्या निवृत्त होतात. सत्तावीस वर्षं फायलींत गेली. आज सगळे जेवायला गेल्यावर मला थांबवून त्यांनी कपाटातून एक निळी वही काढली. प्रत्येक ओळीत फाइलचा नंबर आणि तारीख. सहाशे चौदा ओळी.

बाई म्हणाल्या, नियमाप्रमाणे इथली कुठलीच फाइल टाकून देता येत नाही. आणि जी फाइल शोधात येते, तिच्यातला माणूस जिवंत आहे असं धरून यंत्रणा घरी पत्र धाडते: तपासणीला या. एकदा एक म्हातारी ते पत्र घेऊन आली. मुलाला जाऊन वर्ष झालेलं. तुम्ही बोलावलंत म्हणजे तो इथे असेल, असं म्हणत संध्याकाळपर्यंत जिन्यात बसली. त्या दिवसापासून बाई वारलेल्यांच्या फायली झाकायला लागल्या. झाकायची म्हणजे फाइल जागेवरच ठेवायची, पण शोधाला दिसू द्यायची नाही. फाइल झाकली की तिला जोडलेलं सगळं, फोटो, चिठ्ठ्या, नावं, तिच्याबरोबर झाकलं जातं. मग ते कुणाला सापडत नाही.

साहेबांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांना सांगाल तर समिती नेमतील, म्हणाल्या. नवं इंजिन रविवारी सगळं नव्यानं वाचायला घेणार. त्याआधी हे नंबर त्याला घालायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं.

निघताना एक सांगितलं. मागे कधीतरी एक फाइल चुकून आठ दिवस उघडी राहिली होती. त्या आठ दिवसांत तिच्यात आठ पानं वाढली. त्यांनी ती परत झाकली आणि कुणाला काही विचारलं नाही. काही प्रश्न घडी घालून ठेवायचे असतात, म्हणाल्या.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

बाईंना निरोप दिला. मग दिवसभर बसून नंबर घातले. सहाशे तेरा.

एक घातला नाही, मागे ठेवला. वहीच्या एकविसाव्या पानावर, वरून सहावी ओळ. हिचा नंबर मला आमच्या घराच्या पत्त्यासारखा पाठ आहे.

लिहूनच टाकतो. त्या अकराव्या दिवशी मला खाली खिडकीवर बोलावलं होतं. एक फॉर्म राहिला होता आणि हिची फाइल सापडत नव्हती. कारकुनानं पुन्हा पुन्हा नाव टाकलं. हेच जुनं इंजिन. फाइल अजून आमच्याकडच्या लहान दवाखान्याच्या नंबराखाली पडलेली, ते याला कसं कळावं. थांबा, म्हणाला. मी थांबलो. चाळीस मिनिटं. वर आलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं होऊन गेली होती आणि नर्स चादर सारखी करत होती.

जाताना हिनं चष्मा माझ्या खिशात ठेवला होता. पडेल म्हणाली, तुमच्याकडे असू द्या, लगेच या. तो अजून माझ्याकडेच आहे.

शेवटी काय झालं, ती काय म्हणाली, एवढंच एकदा वाचायचं आहे. सोमवारी वाचतो आणि झाकतो. बाईंना कळणार नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

नाव टाकलं. पापणी लवायच्या आत फाइल समोर. तेव्हा चाळीस मिनिटांत जी मिळाली नाही ती.

अडतीस पानं. शेवटचं नर्सच्या हातचं. वॉर्ड चार, खाट अकरा. चार वाजून दहा. रुग्ण नातेवाईकांची चौकशी करत होती. नातेवाईक हजर नाहीत.

बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. डोळे लाल कशानं, असं शेजारच्यानं विचारलं, स्क्रीनमुळे, म्हटलं. झाकायला बोट नेलं होतं. पण सहा वर्षांनी भेट झालेली. एक दिवस.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

एकोणचाळीस पानं.

तीनदा मोजली. नव्या पानावर आजची तारीख. तेच अक्षर. रुग्ण जागी झाली. श्वासाला त्रास. नातेवाईकांची चौकशी करते. चार दहा. नातेवाईक हजर नाहीत.

टायवाल्याला दाखवलं, ही माझी कोण ते न सांगता. तो हसला. स्कॅन करणाऱ्या मशीनचं घड्याळ चुकलं असेल, काका, जुन्या पानांवर नव्या तारखा पडतात. पटण्यासारखं होतं. मी पटवून घेतलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

चाळिसावं पान. श्वासाला जास्त त्रास. रुग्ण चष्मा मागते. चष्मा नातेवाईकांकडे आहे, ते खाली गेलेत, आत्ता येतील, असे सांगते.

चष्म्याचं मी आजवर कुणाला बोललेलो नाही. मुलीलाही नाही.

खिशातला चष्मा चाचपला. देवाचं नाव घ्यायला गेलो, ओठ हलले, नाव आलं नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

काल मुलीचा फोन. ती आमच्या जुन्या घरातच राहते, जावई आणि ती. तिला रुग्णालयाचं पत्र आलं. रुग्णाच्या नातेवाईकांनी वॉर्ड चार, खाट अकरा इथे दुपारी चार वाजता हजर राहावे. आधी ती रागावली, ही कसली थट्टा म्हणाली. मग रडली. मग लहानपणीच्या आवाजात विचारलं, बाबा, आई तिथे नाहीये ना. मी नाही म्हटलं.

आज बाईंच्या घरी जाऊन सगळं कबूल केलं. त्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. झारी खाली ठेवली, पण ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, ती निजली होती हो. तुम्हाला बघायचं होतं म्हणून झोपलेल्या माणसाला उठवलंत. आणि उठवलंत तेही कुठल्या घटकेला, तर तिच्या सगळ्यांत वाईट. ती रोज तीच घटका काढते आहे. झाका.

सोमवारी झाकतो असं सांगून आलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा झारी उचलली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

पंचेचाळीस पानं. शनिवार आणि रविवारचीही आहेत. ऑफिस बंद होतं, ती जागी होती.

नाही झाकली. झाकली की परत भेट नाही. देवा, मी वाईट माणूस आहे का.

एक गोष्ट पहिल्या दिवशी नीट लिहिली नाही. खिडकीजवळचं टेबल मला मिळालं नाही, मी मागून घेतलं. भिंतीवरच्या रंगाखाली आकडा अजून दिसतो. अकरा.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

चार वाजता खोलीत औषधाचा वास आला. कुणी मान वर केली नाही. सगळ्यांचं टाइप करणं चालू. माझ्या डाव्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, श्वास. ओढून घेतलेला, मध्ये अडकणारा. मला तो ठाऊक आहे. अकरा दिवस ऐकला होता.

चार दहाला थांबला.

मी तिकडे पाहिलं नाही. सहा वर्षांपूर्वी पाहता आलं नाही, आजही पाहिलं नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

मुलीला दुसरं पत्र. ती म्हणते, मी येते, उद्या निघते. नको म्हटलं. तिनं हे ऐकता कामा नये. झाकायलाच हवं.

नंबर घातला. स्क्रीनवर आलं: फाइल वापरात आहे. लिहिणारे, वॉर्ड चार.

पुन्हा. तेच. दिवसभर तेच.

टायवाला म्हणाला, कुणीतरी फाइल उघडून बसलंय, त्याचं लिहून झालं की मोकळी होईल. मी विचारलं, लिहून कधी होणार. तो म्हणाला, काका, ते तिथे बसलेल्याला विचारा.

वॉर्ड चार म्हणजे हीच खोली.

गुरुवार, २० फेब्रुवारी

रात्रभर विचार केला. नर्स रोज एकच ओळ लिहिते. नातेवाईक हजर नाहीत. ते हजर झाले की तिचं लिहिणं संपेल. एवढंच आहे. सहा वर्षांपूर्वीही एवढंच होतं.

मुलगी गाडीत बसली आहे. सहापर्यंत पोचेल. त्याआधी.

चष्मा पुसून ठेवला.

चार वाजले. वास.

श्वास. डावीकडे. खुर्ची तिकडे वळवली—

पाहिलं.

हीच आहे. केस विंचरलेले नाहीत. तेव्हाही नव्हते. डोळे बारीक करून बघते, ओळख पटत नाही. चष्मा दिला. हात इतका गार—

चष्मा लावला. अहो, म्हणाली. खालचं काम झालं का.

झालं म्हटलं. फाइल सापडली.

मग बसा, म्हणाली.

चार दहा. श्वास सैल झाला. ओढत नाही आता. स्क्रीनवर नवं पान: नातेवाईक हजर. नातेवाईकांचे नाव फाइलला जोडले.

खाली: फाइल मोकळी.

जोडलेलं सगळं बरोबर झाकलं जातं. बाई म्हणाल्या होत्या. मग कुणाला—

शेजारच्याला हाक मारली. अजून झाकलेलं नाही, तरी तो माझ्या खुर्चीकडे बघून दुसऱ्याला विचारतोय, काका कुठे गेले.

नाव काढता येईल. तिचा हात सोडला तर. मग उद्या पुन्हा पान, पुन्हा चार दहा, पुन्हा हजर नाहीत—

नाही.

डाव्या हातात तिचा हात. उजव्यात पेन. झाकायचं बटण दाबायचं तर पेन ठेवावं लागेल.

पोरी, ही वही टेबलावर आहे. आईला त्रास नाही. फॉर्म भरू नकोस, कुठल्या खिडकीवर थांबू नकोस. मला शोधत बसू नकोस, मी हिच्या—