लेथवरचा गोल दांडा

१२ जानेवारी १९८५, बंगळूर

आजही पत्र नाही. पोष्टमन वर्कशॉपच्या दारावरून सायकल न थांबवता गेला.

दिवसभर पंख्याचं पातं. सागाचं, हातभर लांब, मीच केलेलं. त्याच्यावर पेन्सिलीने चौकटी आखल्या. एकेका कोपऱ्याची उंची मोजून कागदावर उतरवली. घारपुरे सर ते आकडे कॉम्प्युटरला देणार. तिथून पुढे त्यांची लायब्ररी. आलो तेव्हा मी पुस्तकांचं कपाट शोधत होतो. ही लायब्ररी म्हणजे प्रोग्रामांची चळत. ओबडधोबड आकाराचे कोपरे द्यायचे, ती छाटत छाटत गुळगुळीत करून देते. ज्याला जो आकार पाहिजे त्याने वापरावी.

सातवी नापास माणसाला हे काम. गावाला, पळसदरीत सांगितलं तर हसतील.

१९ जाने.

सरांनी फळ्यावर चौकोन काढला. म्हणाले, दत्ता, लायब्ररीचं सगळं गुपित एवढंच. प्रत्येक बाजूवर पाव आणि पाऊण अशा दोन खुणा करायच्या. खुणा जोडायच्या, कोपरे गेले. चाराचे आठ झाले. परत तेच, सोळा. परत, बत्तीस. मग डोळ्याला कोपरा दिसतच नाही.

मी म्हटलं, सर, आमचे वडील, आबा, सुतारकाम करतात. कुऱ्हाडीचा दांडा असाच करतात. चौकोनी फाटा, मग आठ बाजू, मग सोळा, मग कानस. फक्त पाव नाही धरत. पावाहून केसभर जास्त. तरच आठी बाजू सारख्या येतात.

सरांनी कागदावर हिशेब केला. परत एकदा केला.

"तुझ्या आबांचं शिक्षण किती?"

"शाळेच्या छपराचे वासे बसवलेत त्यांनी."

सर मोठ्याने हसले. मी पण हसलो. पण दांड्याचं नाव तोंडातून गेलं आणि मग जेवण गेलं नाही.

२० जाने.

लिहून टाकतो. लिहिलं म्हणजे तरी सुटेल.

मागल्या फाल्गुनात मी साजगावच्या फौंड्रीत पॅटर्नकाम, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने, करत होतो. तिथे लेथ होतं. किसनदादाच्या कुऱ्हाडीचा दांडा मोडलेला. इंदूचा थोरला भाऊ तो. बाप नाही, घरात त्याचा शब्द. इंदूचं नि माझं त्याच्या कानावर घालायचं होतं. तोंड उघडायला काहीतरी हातात पाहिजे. म्हणून धामणीच्या लाकडाचा तुकडा लेथवर चढवला. असा उतरवला की नुसता आरसा. विकतच्यापेक्षा देखणा.

आबांनी बघितला. "ह्यो दांडा हाय का लाटणं?"

मला राग आला. जुन्या माणसाला काय कळतंय लेथ.

इंदूपण तेच म्हणाली त्यांच्या पडवीत, "अगं बया, दादा आता पोळ्या लाटनार!" किसनदादा हसला. म्हणाला, "ऱ्हाऊ दे गं. पोरानं मनापासून केलाय." पाचर मारून त्याने तिथंच बसवला.

दांडा गोल असून चालत नाही. अंड्यासारखा चपटा लागतो, पोटाला नि पाठीला कड लागते. मग न बघता हाताला कळतं पातं कुठल्या तोंडाला आहे. हे मला ठाऊक होतं. आबांच्या हाताखाली दहा वर्षं काढली. ठाऊक असून गोल केला. लेथवर दुसरं काही होत नाही, आणि मला लेथवरचाच द्यायचा होता.

किसनदादा राबासाठी, भाताची जमीन भाजायला, फांद्या तोडत होता. हाताला घाम. दांडा मुठीत फिरला, पातं आडवं बसून निसटलं ते पायावर. घोट्यामागची शीर तुटली. टाच आता उचलत नाही.

३ फेब्रु.

इंदूचं पत्र आलं! चार ओळी.

"आय तुझं नाव काढू देत नाय. दादा काय बोलत नाय. मी इचारलं तरी नाय. पण तुझा दांडा त्याने जाळला नाय. कुऱ्हाडीतून काढून पडवीत उभा करून ठेवलाय. मला वाटतं तू यावंस."

दिवाळीला गेलो होतो की त्यांच्याकडे. सगळ्यांना वाटतं त्याच्या रागाला भिऊन मी पळालो. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी दारात दिसलो तसा तो उठला. भिंतीला धरून, पाय ओढत उठला नि माझ्यासाठी घोंगडी टाकली. "बस रं दत्त्या. कामधंदा कसा काय?"

मी बसलो नाही. तसाच वळलो. सकाळी कर्जतला येऊन इकडची गाडी धरली. इंदू पाठीमागून...

राहू दे.

१० फेब्रु.

पात्याचं चित्र निघालं. पेनवाल्या मशीनने मोठ्या कागदावर काढलं. पुढची बाजू गोल, बरोबर आहे. मागची बाजू सुरीसारखी पाहिजे, तीही अंगठ्यासारखी गोल आली. सर वैतागले. चार वेळा छाटलं की कड मेली. लायब्ररीला कुठला कोपरा नको आणि कुठला पाहिजे ते कळत नाही, सगळे एकाच मापाने छाटते.

मी कागद घडी करून ठेवला. बघवेना.

१२ फेब्रु.

सरांना सांगितलं. आबा लाल पेन्सिलीची रेघ मारतात. लाल रेघेवर रंधा जात नाही. बाकी अंग शेजारचं बघून उतरवायचं. रेघेने शेजाऱ्याकडे बघायचं नाही, रेघेने पुढच्यामागच्या रेघेकडेच बघायचं. म्हणजे कड कडेच्या वाटेने सरळ राहते, अंग अंगाच्या वाटेने गोल होतं.

सर खुर्चीतून उठले. "परत बोल."

परत बोललो.

"म्हणजे कडेवरच्या खुणांना वेगळा नियम. फक्त कडेवरच्या शेजाऱ्यांवरून." खडूने लिहायला लागले, मग मी तिथं आहे हे विसरले.

१६ फेब्रु.

कड आली. कागदावर बोट फिरवून बघितलं, जसं काही लागणारच आहे.

सरांनी विचारलं, या नव्या प्रोग्रामला नाव दे, तुझी कल्पना. इंग्रजी सहा अक्षरांच्या आत बसलं पाहिजे. मी म्हटलं, इंदू. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. चार अक्षरं टाइप केली. 

आता इंदूला बोलावलं की कड राहते. एकदा बोलावलं, दोनदा बोलावलं. मशीनवर दर वेळी येते.

८ मार्च

आबांचं पत्र, मास्तरांच्या हातचं. आंब्याला मोहर नाही, गाय आटली, आईचे गुडघे. शेवटी: "इंदीला बघून गेले. मुलगा साजगावलाच कारखान्यात. पसंती झाली. ९ मे धरलीय. किसनने अजून सुपारी फोडली नाही, महिनाभर थांबा म्हणाला. कुणासाठी थांबलाय ते त्याने सांगितलं नाही. तू आता बघ."

तीन वेळा वाचलं. किसन थांबलाय.

१० मार्च

ठरवलं. दांडा करायचा. हाताने. किसनदादाच्या मुठीचा. हातात दांडा घेऊनच जाईन, मग बोलता येईल. आबांना तसं कळवलं.

धामण इकडं कुठं मिळेल कळेना. जळणाच्या वखारीतून बाभळीचा फाटा आणला.

२४ मार्च

पहिला गेला. लाकडाची रेषा तिरपी होती, टेकवला तर चिरला.

६ एप्रिल

दुसरा बरा झाला. पण मुठीजवळ जाड वाटतो. किसनदादाची मूठ डोळ्यापुढे आणतो, ती येते आणि मग पाय येतो. परत सुरुवात.

सरांकडे पण तेच चाललंय. चौकटींच्या पाच पट्ट्या एका ठिकाणी येतात तिथं गुळगुळीत अंगावर खळगा पडतो. सर रोज आकडे बदलतात, मी रोज नवा ठोकळा मोजून देतो. २० तारखेला बाहेरचे साहेब बघायला येणार.

१७ एप्रिल

इंदूचं पत्र. पहिल्यापेक्षा लहान.

"आबा म्हनतात तू दांडा करतोयस. दांडा नको. तू ये. दादा तुझ्या तोंडावर नाय म्हननार नाय. सुपारी सोमवारी हाय. कसा आलास तरी चालेल, हात हालवत ये."

पत्र टाकल्याची तारीख नऊ. सोमवार होऊन गेला.

होऊन गेला नसता तर गेलो असतो का? इथं खोटं लिहिणार नाही. माहीत नाही.

२० एप्रिल

साहेब लोक खूश. पातं फिरवून फिरवून बघितलं. एकाने विचारलं, हे इंदू काय आहे? सर म्हणाले, तात्पुरतं नाव. संध्याकाळी माझ्याजवळ आले. लायब्ररी आता बाहेर जाणार, लोकांना नाव वाचून काम कळलं पाहिजे. क्रीज ठेवू, म्हणजे घडीची कड. बरोबर सहा अक्षरं बसतात.

मी हो म्हटलं. कामाचंच आहे ते.

मग विचारलं, "मार्चपासून तुझं काहीतरी बिनसलंय. घरचं आहे का?"

सांगितलं. अर्धं.

"अरे मग रजा का नाही मागितलीस? मी कधीही दिली असती."

मीपण स्वतःला सांगत होतो की सर सोडणार नाहीत. विचारलं कधी नव्हतं.

२८ एप्रिल

तिसरा दांडा झाला. रंधा, कानस, काचपेपर, वर अळशीचं तेल. पोटाला कड, पाठीला कड, बाकी अंग गोल. लेथ नाही. मुठीजवळ लाल रेघ पुसली नाही, राहू दिली. डोळे मिटून धरला, पातं कुठं येणार ते कळलं.

सुपारी फुटली असणार. आता कशाला, असं वाटलं. तरी कापडात शिवला.

२९ एप्रिल

पोष्टात गेलो. रजिस्टर पार्सल, पोचपावतीसकट. आत चिठ्ठी:

"किसनदादा, डोळे मिटून हातात धर. पडवीतला जाळून टाक. चूक लेथची नाही, माझी. दत्ता."

इंदूचं काही लिहिलं नाही. तोंड कुठलं आहे मला.

पोष्टातून सरळ स्टेशनवर गेलो. गाडी लागलेली होती. पार्सल जातं तिकडंच ती जाते. डब्याच्या दांडीला हात लावून उभा होतो. सुटली तेव्हा सोडला.

९ मे

काम केलं. ठोकळा मोजला. दोन आकडे चुकले, सरांनी दुरुस्त केले.

दुपारी बाराचा मुहूर्त असेल. आमच्याकडे बाराचाच असतो.

१० मे

काही नाही.

१८ मे

पोचपावती आली. कार्डावर दांडा मिळाल्याची सही. सही किसनदादाची नाही. "इंदू". तिचंच अक्षर, ऊकार मोठा ओढलेला. पुढे नाव नाही, आडनाव नाही, ना जुनं ना नवं. तारीख ११ मे.

लग्न नऊला. अकराला ती पळसदरीच्या घरी.

लग्न झालेली पोरगी दोन दिवसांनी मांडवपरतणीला माहेरी येतेच. तसं असेल. पोष्टमन आला, दारात ती होती, हिरव्या चुड्याच्या हाताने सही केली.

नाहीतर झालंच नसेल.

कार्ड उजेडाला धरून बघितलं. पाठीमागे बघितलं. त्याच्यावर दुसरं काहीच नाही. तिने एवढंच का लिहिलं? पोष्टमन घाई करत होता की ठरवून?

१९ मे

आबांना पत्र लिहायला बसलो, विचारून घ्यावं. फाडलं. पत्रं टाकून टाकूनच इथवर आलं.

सरांकडे गेलो. रजा पाहिजे. त्यांनी अर्जाचा कागद पुढे केला. नाव लिहिलं, गाव लिहिलं. कारणाला घरगुती.

"किती दिवस?" सरांनी विचारलं.

मी पेन त्या जागेवर टेकवलं, परत उचललं. सरांनी पेन माझ्या हातातून घेतलं, ती जागा मोकळी ठेवली आणि खाली सही केली.

उद्याची गाडी. बरोबर काही नेत नाही.